सहावी फीत

संग्रहालयाचं पत्र छोटंसं होतं. आपल्या वडिलांचा गणवेश मिळाला, आभारी आहोत. छातीवरच्या पट्टीत सहा फिती आहेत, त्यांतल्या पाच पदकांच्या आहेत. सहावी आमच्या यादीत नाही. पट्टी आणि एक फॉर्म सोबत पाठवत आहोत. महिनाअखेरपर्यंत फितीचं नाव आणि पुरावा कळवावा, अन्यथा न मिळालेलं पदक मिरवल्याची नोंद करून गणवेश परत पाठवण्यात येईल.

मुलीने पत्र दोनदा वाचलं आणि मग एक चूक केली. काकांना दाखवलं.

"मी सांगत नव्हतो?" काका म्हणाले. "दादा होता भांडारात. बंदुका मोजायचा. पाच तरी कशी मिळाली, देव जाणे."

वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. पत्ते खेळताना त्यांनी कधी कुणाचं पान चोरून पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते कायम हरत. असा माणूस खोटी फीत लावणार नाही, याबद्दल तिची खात्री होती. पण फॉर्मवर खात्रीसाठी रकाना नव्हता.

पदकं बसवून देणाऱ्या शिंप्याचं दुकान म्हणजे फितींच्या रिळांनी भरलेले अरुंद खण, वर दिवा आणि मध्ये शिंपी. त्याने भिंग लावलं.

"तपकिरी, त्यावर दोन मळकट रेघा," तो म्हणाला. "ताई, असलं पदक कुठलं सैन्य देणार नाही. दिलं तरी कुणी घ्यायचं नाही."

दोन जाडजूड पुस्तकं चाळून झाली. खण उघडून झाले. मग त्याने पातं हातात घेतलं.

"उसवू? फितीची टोकं मागे दुमडलेली असतात. तिथे ऊन पोचत नाही, मूळ रंग राहतो."

"उसवा."

दुमडीत फीत गडद गुलाबी होती. रेघा लिंबासारख्या पिवळ्या.

शिंप्याने ती दुमड दिव्याखाली धरली. "आता तर नक्कीच नाही," तो म्हणाला. मग त्याने पट्टी उलटी केली. "आणि हे बघा. बाकीच्या पाच मशीनवर शिवल्यात. ही हाताने, दर चौथ्या टाक्याला गाठ मारून. शिवणाऱ्याचा दोऱ्यावर अजिबात विश्वास नाही."

तिच्या दप्तराचे बंद, कोटाची बटणं, उशांचे अभ्रे, सगळं दर चौथ्या टाक्याला गाठ मारून शिवलेलं होतं. तिने दुकानातूनच आईला फोन लावला.

"ती होय!" आई म्हणाली. "तुझ्या गुलाबी फ्रॉकची. उजव्या बाहीची."

त्या फ्रॉकच्या एकाच बाहीला फीत होती. तशीच फॅशन आहे, असं तिला तेव्हा सांगण्यात आलं होतं.

"आई, काय केलंस हे!"

"ओरडू नकोस. वर तीन, खाली दोन. दात पडल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांची पाहणी. मी आपली रात्री लावून टाकली."

"बाबांना माहीत होतं?"

शिंपी भिंग पुसत होता. एव्हाना ते स्वच्छ झालं होतं.

"पाहणीतच कळलं. साहेबांनी विचारलं, ही कुठल्या मोहिमेची? ह्यांनी मान वाकवून पाहिलं. म्हणाले, ही आमच्या घरची आहे, साहेब."

"मग?"

"साहेब म्हणाले, राहू द्या. त्यांच्या कोटाचं एक बटण म्हणे त्यांच्या बायकोने लावलेलं होतं, वेगळंच."

"पण नंतर काढली का नाही?"

"मी म्हटलं, काढते. तर म्हणाले, साहेबांनी राहू द्या सांगितलंय. हुकूम आहे."

शिंप्याने फीत मशीनवर शिवून द्यायची तयारी दाखवली. ती नको म्हणाली. पट्टी घरी नेली आणि आईने ती पुन्हा शिवली, गाठींसकट.

मुलीने फॉर्म भरला. फितीचं नाव: घरची. देणाऱ्याचं नाव: पत्नी. कारण: ओळ पूर्ण करणे. पुरावा: फ्रॉक, सोबत जोडला आहे. पाहणीत काय घडलं तेही तिने मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं.

बारा दिवसांनी उत्तर आलं. फ्रॉकवरची फीत जुळली. पाहणीचं टिपण सैन्याच्या जुन्या दप्तरात सापडलं, त्यात 'भांडारप्रमुखांची सहावी फीत: घरची, राहू द्यावी' असा साहेबांच्या सहीचा शेरा आहे. तो हुकूम रद्द झाल्याचा कागद आढळत नाही. सबब फीत आहे तिथेच ठेवून गणवेश दालनात लावत आहोत.

हेही पत्र तिने काकांना दाखवलं.