निळीची रेघ

“कुलूप तुमी लावलं, साहेब. अन् लावाच्या आंधी कोनाकोनाले सांगतलं, थेबी तुमालेच मालूम हाये.”

भागिरथा हे बोलली तेव्हा खुर्चीतले साहेब मोबाइलवर बोट फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही. बाहेर बाजार समितीच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं, हा बाजार शेतकऱ्यांच्या मालकीचा आहे. आत मालकिणीला बसायला खुर्ची नव्हती. दारापाशी तिचा नवरा देवमन टोपी हातात घेऊन उभा होता. तीस वर्षं तो याच यार्डात मापारी. धान्य काट्यावर चढवायचं, वजन पुकारायचं आणि तोंड मिटून घरी जायचं. त्याचं लायसन याच टेबलावरून निघायचं.

भागिरथा धनजच्या बचत गटाची अध्यक्ष. गटातल्या सव्वीस बाया आपापलं दोनेक क्विंटल सोयाबीन मळणी झाली की मिळेल त्या भावात विकायच्या. दोन वर्षांपूर्वी भागिरथानं ते बंद केलं. सगळ्यांचं एका खोलीत ठेवू, भाव पाहून काढू, म्हणाली. आता भाव पाहून म्हणजे काय पाहून, ते तिचा भाचा संघदीप यानं सांगितलं. तो अकोल्याला नोकरीला, शेअरबाजारात थोडंफार खेळणारा.

“मावशी, भाव कुठी जाईन हे कोनालेच मालूम नाई,” तो म्हणाला होता. “मालूम हाये म्हनते थो लबाड.”

त्याचा नेम सोपा होता. रोजचा भाव भिंतीवर मांडायचा, शेजारी मागच्या वीस दिवसांची सरासरी. भाव सरासरीच्या वर आहे तोवर एक पोतं, एक कट्टा हलवायचा नाही. सलग दोन दिवस खाली उतरला की सगळं विकून मोकळं व्हायचं. मन काय म्हणतं ते मनाला विचारायचंच नाही.

भागिरथानं पांढऱ्या भिंतीवर कपड्याच्या निळीनं भावाचे ठिपके द्यायला सुरुवात केली, सरासरी गेरूनं. भाव रोज संध्याकाळी देवमन आणायचा आणि रोज खिजवायचा. “हे म्हंजे रेड्याच्या मांगं मांगं चालनं झालं. तोंडावर शेनच येते.”

“अन् समोर उभं राह्यलं का शिंगावर घेते,” भागिरथा म्हणायची. “तुमच्या तुरीवानी.”

त्यावर बाया हसायच्या. देवमननं एकदा भाव चढेलच म्हणून तूर दोन वर्षं ठेवली होती. शेवटी भाव भुंग्यांनीच चांगला दिला.

पहिल्या वर्षी नेमाप्रमाणे डिसेंबरात विकलं आणि पुढच्याच आठवड्यात भाव दोनशेनं चढला. गटातली गोजराबाई महिनाभर तिच्याशी बोलली नाही. भागिरथा सांगत राहिली, दोनदा-चारदा थोडं चुकंल, पण मोठी चढती येईल तेव्हा आपण खाली उतरलेलो नसू. यंदा ते खरं झालं. गावानं एक्केचाळीसशेत विकलं, निळीची रेघ बावन्नशेवर गेली आणि नव्वद कट्टे खोलीतच होते. गोजराबाई पावण्यारावण्यांना आणून भिंत दाखवू लागली.

मग एका गुरुवारी ठिपका गेरूच्या खाली पडला. एकोणपन्नासशे ऐंशी.

त्या संध्याकाळी देवमननं भाव सांगितला, पण खिजवलं नाही. पाय धुतले आणि तिच्याजवळ येऊन बसला. “पिंकीची माय, उद्या सकायीच काढ माल. व्यापाऱ्यायनं आपला माल काढला, शेड झाडून साफ हायेत. अन् मले सांगतलं, शनवारी काट्यावर ताडपत्री टाकून ठेव.”

“काहून?”

“मापाऱ्याले काहून सांगत नसतात.”

भागिरथाचा हात खोलीच्या किल्लीकडं गेला. पण दोन वर्षं ती या माणसाशी एकाच गोष्टीवर भांडत आली होती, की कानावर आलेल्या गोष्टीवर माल हलवायचा नाही. आज हलवला आणि उद्या भाव चढला, तर सव्वीस बायांना काय सांगणार? नवऱ्याला कसंतरी वाटलं म्हणून?

“नेम दोन दिसाचा हाये,” ती म्हणाली. “तुमचं आयकलं असतं तं यालेबी भुंगे लागले असते.”

देवमन उठून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी ठिपका आणखी खाली. आता नेमही म्हणत होता, काढ. शनिवारी दिवस उगवायच्या आत दोन गाड्या भरल्या. भागिरथा ड्रायव्हरजवळ बसली, निळीच्या पुडीसकट पिशवी मांडीवर. धनज मागे पडलं तशी समोरून एक गाडी आली, कट्ट्यांनी भरलेली. मग दुसरी. मग ट्रॅक्टर, तोही भरलेला. बाजाराकडे माल जातो, बाजाराकडून रिकामी गाडी येते. इथं भरलेल्या परत येत होत्या. ती गाड्या मोजत राहिली, सातव्या गाडीनंतर मोजणं सोडलं.

फाटकाला कुलूप. त्यावर कागद: पुढील आदेशापर्यंत हर्रास (लिलाव) बंद. खाली सही नाही, कारण नाही.

नऊ दिवस बंद राहिलं. रोज संध्याकाळी देवमन हात हलवत यायचा. भागिरथा वाटीत नीळ कालवून भिंतीपुढं उभी राहायची आणि वाटी तशीच ठेवून द्यायची. बाया यायच्या, भिंत पाहायच्या, निघून जायच्या. एक दिवस गोजराबाई एवढंच म्हणाली, “बाई, तुझी रेघ आंधळी झाली का?”

दहाव्या दिवशी हर्रास उघडली. चव्वेचाळीसशे. भागिरथानं विकलं, नेम म्हणजे नेम. गटासमोर ती म्हणाली, चूक माझी, घरच्या माणसाचं ऐकलं नाही.

देवमन कोपऱ्यातून म्हणाला, “नेम खोटा नोयता. पन विकाचं म्हनलं तं फाटक उघडं लागते का नाई?” दोन वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या बाजूनं बोलला.

म्हणून आज ती इथं उभी होती.

साहेबांनी मोबाइल ठेवला. “बाई, तांत्रिक अडचण होती. आणि भाव आम्ही ठरवत नाही, तो बाजार ठरवतो.”

“मंग त्या नऊ दिसाचा भाव सांगा.” भागिरथानं पिशवीतून वही काढली. “भिंतीवर जागा सोडली हाये.”

“बंद होतं तर भाव कुठून येणार?”

“बंद असतानी मांगच्या फाटकानं मालाचे टरक आत गेले. थे फुकट नसन गेले.”

“कोण म्हणतं गेले?”

भागिरथानं मागे पाहिलं नाही. तिनं नवऱ्याला बोल म्हटलं नव्हतं, म्हणणारही नव्हती.

देवमननं टोपी डोक्यावर घातली. दारातून चार पावलं पुढं आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

“म्या मोजले,” तो म्हणाला. “काट्यावरची ताडपत्री काढून. सहा टरक.”

साहेब त्याच्याकडे पाहत राहिले, नाव आठवत असल्यासारखे.

भागिरथानं वहीचं कोरं पान टेबलावर उघडलं, पेन्सिल त्यावर ठेवली आणि पान त्यांच्याकडे सरकवलं.

“कोन्या भावानं गेले, साहेब? लिहा. आमी उभे हावो.”