पाणी थोडं कमी आहे

नववा महिना लागल्यापासून तिला झोप कुठेही गाठायची. पोहण्याच्या तलावाकाठच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, दवाखान्याच्या बाकावर, कधी तर भाजी निवडता निवडता, वाक्य अर्धं तोंडात असतानाच. डोळा लागायचा आणि जग निळं होऊन जायचं.

उभा जन्म तिनं पाण्यात काढला होता. गावातल्या छपराच्या तलावावर ती मुलांना पोहायला शिकवायची आणि मुलं तिला मासोळीबाई म्हणायची. पोट वाढलं तशी ती खुर्चीत बसून शिट्टीवर काम भागवू लागली. पाण्यावरून उडालेल्या उजेडाची जाळी छतावर हलत राहायची. त्या जाळीकडे बघता बघता तिची मान कलायची, आणि एखादं पोरटं ओरडायचं, "बाई परत झोपल्या!"

डॉक्टरबाईंचं बोलणंही तिनं असंच, अर्धं जागेपणी ऐकलं.

"बाळाभोवतीचं पाणी थोडं कमी आहे," सोनोग्राफीचा कागद हातात धरून त्या म्हणाल्या. "घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण काणाडोळा करण्यासारखंही नाही. बाळाची वाढ चांगली झालीये. औषध देऊन कळा आणता येतील. किंवा रोज तपासत थोडं थांबताही येईल. दोन्ही चालण्यासारखं आहे, म्हणून तुम्हाला विचारतेय. परवा सकाळी सांगा. मात्र मधे बाळाची हालचाल कमी वाटली, तर विचार करत बसू नका, तडक निघून या."

तिला हसूच आलं. "अहो, मी गावभरच्या पोरांना पाण्यात उतरवते, आणि माझ्याच पोराला पाणी पुरेना?"

डॉक्टरबाई हसल्या. शेजारी बसलेला नवरा मात्र हसला नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "यात विचार कसला करायचा? माणूस लिफ्टमध्ये अडकला की आम्ही आधी त्याला बाहेर काढतो. बिघाड काय होता ते नंतर बघतो."

"ते अडकलेलं नाहीये. निवांत पडलंय."

"तुला काय माहीत?"

"मलाच माहीत असणार ना!"

घरी तिची आई आलेली होती. शाळेचे गणवेश शिवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मी मधे पडणार नाही बाई. तुमचं तुम्ही ठरवा." आणि मग कपड्यांच्या घड्या घालत संध्याकाळभर मधेच पडत राहिली. पोर आपल्या वेळेनं आलेलं बरं, दिवस भरले नसताना कशाला ओढून काढायचं, शेजारच्या सुनेला म्हणे औषधाच्या कळा फार भारी गेल्या, वगैरे वगैरे. जावई ऐकत होता, पण त्याचा पाय खुर्चीखाली सारखा हलत होता.

तिला दोघांचंही पटत होतं. हीच तर पंचाईत होती. तलावावर तिचा एक नियम होता: कुठल्याही मुलाला पाण्यात ढकलायचं नाही. काठावर बसून राहिलं तर राहू दे, रडलं तर रडू दे, आपण पाण्यात उभं राहून हात पुढे करायचे. मग स्वतःच्याच लेकराला कसं ढकलायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवल्यावर तिचा डोळा लागला. तलाव दिसला, पण छप्पर नव्हतं, भिंती नव्हत्या. नुसतं पाणी आणि त्याचा एक काठ. काठावर एक मूल पाय सोडून बसलं होतं. केस ओले, पाठ तिच्याकडे. पाणी हळूहळू खाली खाली जात होतं, आवाज न करता, आणि मुलाचे पाय आता हवेतच लोंबत होते. "चल, ये," ती म्हणाली. मूल वळलं. त्याला चेहरा असा नव्हता, नुसताच उजेड होता. "तूच येत नाहीयेस," ते म्हणालं. रागानं नाही, पाणी थंड आहे असं सांगावं तितक्या साधेपणानं.

जाग आली तेव्हा पडदा वाऱ्यानं फुगला होता आणि खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. तिला तलावाची ओढ लागली. थोडं तरंगलं तर चालेल, फक्त एकटीनं नको, असं डॉक्टरबाईंनी सांगितलेलं होतं.

दुपारी तलाव रिकामा असायचा. पाणी तपासणारे काका तेवढे होते, काचेच्या नळीत पाणी घेऊन त्याचा रंग उजेडात बघत. "या मासोळीबाई," ते म्हणाले. "सगळा तलाव तुमचाच. मी आहे इथे."

ती पायऱ्या धरून उतरली आणि पाठीवर पडली. सगळं ओझं एकदम उतरलं. कान पाण्याखाली गेले तसे बाहेरचे आवाज विरघळले, आणि उरला फक्त तिचा श्वास, आत येणारा, बाहेर जाणारा. नेहमी याच वेळी बाळ कूस बदलायचं. पोटाचा एक कोपरा वर यायचा, टाच की कोपर कोण जाणे, आणि ती त्यावर हात ठेवायची.

आज ती वाट बघत राहिली. छतावरची उजेडाची जाळी हलली, थांबली, परत हलली. बऱ्याच वेळानं आत काहीतरी हललं, पण हलकंसं, झोपेत कुणी बोट हलवावं तसं. मग पुन्हा काही नाही. ती भ्याली नाही. फक्त तिची इतक्या आठवड्यांची गुंगी एका क्षणात उतरली.

काकांनी हात देऊन तिला वर काढलं आणि रिक्षा आणून दिली. घराच्या दारातच ती आईला म्हणाली, "सकाळपासून हालचाल कमी वाटतेय गं. माझ्या लक्षातच आलं नाही."

कालपासून थांबा थांबा म्हणणारी आई ताडकन उठली. हातातली घडी तशीच टाकली. "चप्पल काढू नकोस," म्हणाली, आणि जावयाला फोन लावला.

दवाखान्यात तिच्या पोटाला पट्टे बांधले आणि खोलीभर बाळाच्या ठोक्यांचा आवाज घुमला, लांबून घोडा दौडत यावा तसा. नवरा कामाच्या कपड्यांतच धावत आला होता, हाताला अजून ग्रीस होतं. आवाज ऐकून तो भिंतीला टेकला आणि खालीच बसला.

"ठोके छान आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता हालचालही दिसतेय. पाणी मात्र आणखी थोडं कमी झालंय. आता माझं मत कळा आणाव्यात असं आहे. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय नाही."

नवरा आपल्या ग्रीसच्या हातांकडे बघत राहिला. आईही पदराशी चाळा करत राहिली. ती ठोके ऐकत पडून राहिली. तिला वाटलं, आपण बाळाची वाट बघतोय असं म्हणत होतो, पण खरं तर आपल्यालाच हे दिवस सोडवत नव्हते. ही निळी झोप, एका देहात दोघांनी राहणं, कुणालाही न दिसणारी ही सोबत. हे संपणार होतं. तिला ते संपायला नको होतं, एवढंच. बाळाच्या नावावर ती स्वतःच काठ धरून बसली होती.

"आणू या कळा," ती म्हणाली. आणि मग तिला हुंदका फुटला. आईनं तिचं डोकं पोटाशी धरलं.

औषध दिलं तरी कितीतरी वेळ काहीच झालं नाही. नवऱ्यानं हात धुऊन तिचे पाय चेपले. "लिफ्ट तरी बटण दाबल्यावर आवाज करते," तो पुटपुटला, आणि आईसुद्धा खुदकन हसली. मग कळा आल्या, आधी लांबून, मग एकीवर एक, श्वास घ्यायलाही जागा न ठेवता. शेजारची सून खोटं बोलली नव्हती. कळा देता देता तिनं नवऱ्याला, डॉक्टरबाईंना, शेवटी स्वतःलाही शिव्या घातल्या. खिडकीत दुसऱ्या दिवसाची उन्हं चांगली वर आली होती तेव्हा मुलगी झाली. बारीक, सुरकुतलेली, आणि आवाजानं खोली डोक्यावर घेणारी.

"थांबलो असतो तर?" नवऱ्यानं नंतर हळूच विचारलं.

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "कदाचित सगळं नीट झालं असतं. कदाचित नसतं. ते कुणालाच सांगता यायचं नाही."

तो आणखी काही विचारणार होता, पण सिस्टरनं त्याला बाहेर घालवलं आणि पडदा ओढला. मुलीला छातीशी दिलं. पहिल्यांदा तिचं तोंड भलतीकडेच गेलं, दुसऱ्यांदा सुटलं, ती चिडून लालबुंद झाली. सिस्टरनं मान जरा वळवून दिली. मग त्या एवढ्याशा जबड्यानं अशी काही पकड घेतली की मासोळीबाई "अगं आई गं!" म्हणून केवढ्यानं तरी ओरडल्या.

"काय झालं?" पडद्याबाहेरून आईनं घाबरून विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "जेवतेय."