दोन तारखांचं अ‍ॅप

बातमी चार ओळींची. सरकारने मेसेजिंग कंपन्यांकडे लोकांची माहिती मागितली होती. कंपन्या म्हणत होत्या, मेसेज कुलूपबंद आहेत, आम्हालाही वाचता येत नाहीत.

मग मागतात तरी काय?

नर्सबाईंच्या डोक्यात किडा वळवळला. त्या एचआयव्हीच्या दवाखान्यात होत्या. गोळ्या कधी न्यायच्या, हे पेशंट त्यांना मेसेजवरच विचारत. त्यांनी दोन अ‍ॅपवाल्यांना कळवलं: माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे, ते पाठवा.

पहिल्याचं उत्तर, चौदा पानं:
मजकूर नाही. कोण, कुणाला, किती वाजता, कितीदा.

दुसऱ्याचं:
खातं उघडल्याची तारीख. शेवटच्या वापराची तारीख.

बस. एवढंच.

चौदा पानांत एक नंबर दर महिन्याच्या पाच तारखेला होता. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, त्याचा गोळ्या न्यायचा दिवस. शितावरून भात कळतो. कळला की याची नोकरी गेलीच.

बाईंनी त्याला दुसरं अ‍ॅप घ्यायला सांगितलं. तो घेईना. बसचा मालक रोज त्याचा फोन चाळायचा. मेसेज पुसता येत, नवं अ‍ॅप मात्र दिसलंच असतं; आणि ते ड्रायव्हरच्या ओळखीत कुणाकडेच नव्हतं.

"सिस्टर, एकट्यानेच तोंड झाकलं, तर लोक आधी त्याच्याकडेच बघतात."

हे बाईंना सुचलंच नव्हतं. म्हणजे लपायला गर्दी हवी. बडबडी, निरुद्योगी गर्दी. ती कुठे मिळते?

घरातच. धाकटी जाऊ. तिचा मुलगा त्याच बसने जाई आणि बसच्या वेळा कळवायचा पालकांचा-ड्रायव्हरचा ग्रुप तिच्या मुठीत होता. ड्रायव्हरचं नावही न काढता बाई तिला एवढंच म्हणाल्या, तुझी पानं मागवून तर बघ.

जावेची एकतीस भरली. पैकी नऊ पानं नुसता माहेरचा नंबर.

"ताई, हे सासूबाईंच्या हाती लागलं तर?"

सरकार राहिलं बाजूला. दुपारच्या आत अख्खा ग्रुप दुसऱ्या अ‍ॅपवर हलला. जो कुरकुरला, त्याला जावेने फोन करून झापलं. मग तिने यादी मोजली. एक माणूस कमी. तिने थेट बसच्या मालकालाच सुनावलं: तुमचा ड्रायव्हर ग्रुपवर नाही, उद्या बस चुकली तर जबाबदार कोण?

मालकाने ड्रायव्हरचा फोन मागून घेतला आणि आपल्या हाताने त्याला ते अ‍ॅप घालून दिलं.