आधी दार होतो, मग फळा झालो

मित्रांनो, वाचनालयात शिरताना डाव्या हाताला मधोमध लाकडी पट्टी ठोकलेला जो काळा फळा दिसतो, तो मी. महिन्याचे कार्यक्रम आणि नव्या पुस्तकांची नावं तुम्ही माझ्यावरच वाचता. वाचता वाचता तुमच्यातलं कुणीतरी माझ्या खळग्यात बोट घालतं आणि विचारतं, "ह्याला एवढं कुणी मारलंय?" मोठी माणसं विषय बदलतात. म्हणून मीच सांगतो. मी जुना फळा आहे, आणि फळा होण्याआधी मी दार होतो.

माझा जन्मच घावांतून झाला. आधी कुऱ्हाड, मग करवत, मग रंधा. सुताराने माझ्या अंगात बोटभर लांबीचे खिळे ठोकले आणि मला धान्याच्या गोदामाला बसवलं. माझ्या आतल्या बाजूला एक म्हातारा पहारेकरी बसायचा. पाठ टेकायला त्याला मी आणि मला बोलायला तो, असं आमचं चाललं होतं.

मग एक टंचाईचं वर्ष आलं. एका सकाळी गोदामासमोर दोनशे माणसं जमली. त्यांच्या हातात पहारी होत्या, दगड होते. पहारेकऱ्याने मला आतून अडसर लावला, पाठ लावली आणि पाय जमिनीत रोवले. "धर रे बाबा," तो मला म्हणाला. "थोडा वेळ धर."

मी धरलं नाही. पहिल्या घावाला माझी वरची बिजागरी निखळली आणि चौथ्या घावाला मी आत कोसळलो. पहारेकरी माझ्याखाली होता. दोनशे माणसं माझ्यावरून धावत आत गेली आणि डोक्यावर पोती घेऊन माझ्यावरूनच परत आली. त्या भुकेल्या माणसांना खाली कोण आहे हे दिसत नव्हतं. मला मात्र खालची एकेक बरगडी मोडताना कळत होती. संध्याकाळी मला उचललं, तेव्हा तो गेलेला होता.

बरीच वर्षं मी अंगणात पडून होतो. शेवटी एका सुताराने माझा फुटका तळ कापून टाकला, डाग रंध्याने काढले, मला काळा रंग दिला आणि ह्या वाचनालयाच्या भिंतीवर दोन कड्यांना आडवं टांगलं. मला बरं वाटलं. फळ्याला कुणी 'धर' म्हणत नाही.

इथले दिवस सुखाचे होते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मला उतरवायचे. उजवी कडी आधी, मग डावी, नाहीतर मी अडकतो. मग दोन बाकांवर आडवं ठेवून ओल्या फडक्याने पुसायचे आणि ग्रंथपालबाई खडूने लिहायच्या. पहिला शनिवार, मुलांसाठी गोष्टी. दुसरा शनिवार, मोठ्या माणसांचा अक्षरवर्ग. तिसरा, फाटक्या पुस्तकांची शिवण आणि डकवण. शेवटच्या शनिवारी चार वाजता नव्या पुस्तकांची पेटी उघडायची.

ह्या पेटीची इथे एक रीत होती. कोणती पुस्तकं येणार ह्याची यादी आधी यायची. बाई ती नावं माझ्या उजव्या अर्ध्या भागावर लिहायच्या. ज्याला जे पुस्तक हवं, त्याने त्याखाली आपल्या हाताने नाव आणि आडनाव लिहायचं. पहिलं नाव ज्याचं, त्याने शनिवारी स्वतः येऊन ते पुस्तक पेटीतून काढायचं. वशिला नाही, भांडण नाही, सगळं उघड. ह्या रीतीचा बाईंना फार अभिमान होता. मलाही होता.

अक्षरवर्गात एक शिवणकाम करणारी बाई यायची. तिला सगळे शिलाईमावशी म्हणत. दोन वर्षांपूर्वी ती एका पिशवीनिशी ह्या गावात आली होती. कुठून, ते तिने सांगितलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, मोडून तशीच जुळलेली. सुई ती तीन बोटांत धरायची, खडूही तसाच. पन्नाशीत अक्षर गिरवणं म्हणजे थट्टा नाही. एकेका वळणाला तिच्या कपाळावर घाम यायचा. शेजारी बसणारी इस्त्रीवाली आजी तिला चिडवायची.

"अगं, तो 'क' आहे का कुबडा उंट?"

"तुझा 'अ' बघ आधी. बाळंतिणीसारखा पडलाय."

एका महिन्याच्या यादीत कापड बेतण्याचं एक मोठं पुस्तक होतं. कोट, झगे, सगळ्यांची मापं आणि चित्रं. शिलाईमावशी माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"लिही ना नाव," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"तुम्हीच लिहा बाई. माझं अक्षर म्हणजे..."

"तुझ्याच हाताने लिहायचं. दोन वर्षं कशासाठी घासलीस? आणि पूर्ण लिही. आडनावासकट."

मावशीचा खडू माझ्यावर टेकला आणि थांबला. आडनावाशी ती का थांबली, हे त्या वेळी बाईंना समजलं नाही, मलाही नाही. मग तिने लिहिलं. नाव तिचं, आडनाव नवऱ्याचं. वर्गातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. चारचौघांत लिहिलेलं ते तिच्या आयुष्यातलं पहिलं नाव होतं.

गुरुवारी पेटी आली. मालट्रकच्या चालकाने ती खांद्यावरून उतरवली आणि पोचपावतीसाठी तो माझ्यासमोर उभा राहिला. धिप्पाड, हसरा माणूस. वेळ घालवायला त्याने मला वाचायला सुरुवात केली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. एका ओळीवर त्याचं हसू थांबलं. त्या ओळीत त्याचं स्वतःचं आडनाव होतं.

आमचा शिपाई, ज्याला सगळे शिक्केकाका म्हणत, कागद घेऊन आला.

"काका, ही बाई कोण हो?" चालकाने सहज विचारलं.

शिक्केकाकांना वर्गाचं कौतुक कुणाला सांगू आणि कुणाला नको असं व्हायचं. "ती ना? आमची शिलाईमावशी! पन्नाशीत शिकली बघा. बोटं वाकडी, पण जिद्द केवढी!"

"वाकडी? कुठल्या हाताची?"

"उजव्या. का, ओळखीची आहे?"

"माझंच काम आहे ते," चालक म्हणाला आणि हसला. काकांना वाटलं, त्याच्याकडे काही शिवायचं असेल. "शनिवारी चार वाजता येणार म्हणता?"

"म्हणजे काय! पहिला नंबर आहे तिचा."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. ती ओळ पुसून टाकायला मला हातही नव्हता. फळ्याला फक्त दाखवता येतं, आणि मी दाखवून बसलो होतो.

शनिवारी बायका जमल्या, पाच-सहा मुलंही आली. बाईंनी पेटीचं झाकण उचकटलं आणि नव्या कागदाचा वास पसरला. शिलाईमावशीने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. बेतण्याचं पुस्तक तिने दोन्ही हातांनी बाहेर काढलं, तेवढ्यात दारात तो उभा राहिला. हातात गाडी उचलायच्या जॅकचा लोखंडी दांडा होता.

"सापडलीस," तो म्हणाला. "नाव लिहायला शिकलीस होय? माझं आडनाव लावून भिंतीवर मिरवतेस?"

शिक्केकाका पुढे झाले. "अहो, इथे मुलं आहेत..." पुढचं बोलता आलं नाही. दांडा त्यांच्या खांद्यावर बसला आणि दुसऱ्यांदा डोक्यावर. काका पेटीवर पडले. नव्या पुस्तकांवर रक्त उडालं. मुलं किंचाळली. ग्रंथपालबाईंनी त्यांना आणि मावशीला ओढत पुस्तकांच्या आतल्या खोलीत ढकललं. पण त्या खोलीला दार नव्हतं. पुस्तकांना कशाला दार, म्हणून बाईंनीच ते पूर्वी काढून टाकलं होतं. नुसती चौकट होती.

तेव्हा इस्त्रीवाली आजी ओरडली, "फळा! फळा काढ गं!"

दवाखान्यातली आया तिच्या वर्गातली, ती धावली. दोघींनी मला किती वेळा उतरवलं होतं. उजवी कडी आधी, मग डावी. तो काकांना ओलांडून येईपर्यंतच्या त्या घाईतही चुकल्या नाहीत. मला उभं करून त्यांनी चौकटीत घुसवलं. रुंदीला मी बरोबर बसलो. उंचीला आजीच्या गळ्यापर्यंत आलो. मागून चार बायकांनी पाठी लावल्या.

"धर," कुणीतरी म्हणालं. आजी मला म्हणाली की आयेला, माहीत नाही. मी पुन्हा दार झालो होतो.

पहिला घाव माझ्या मधोमध बसला आणि मी उभा चिरलो. दुसरा खाली. तिसरा त्याने माझ्यावरून घातला आणि आजीच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आजीने शिवी हासडली, पण माझी कड सोडली नाही. चौथ्या घावाला गोदामात मी पडलो होतो. इथे चौथा आला, पाचवा आला. प्रत्येक घावासरशी तो एकच वाक्य म्हणत होता, "माझी आहे ती." सहावा. माझ्या ढलप्या उडून त्याच्या तोंडावर जात होत्या. मी त्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याचे पाय आठवले, जमिनीत रोवलेले, आणि धरून राहिलो.

सातव्या घावाला दांडा माझ्या फटीत रुतला. तो उपसायला त्याने दोन्ही हात लावले.

आत कोपऱ्यात मुलांना पोटाशी घेऊन बसलेली शिलाईमावशी उठली. दोन पावलं ती मागे गेली, मग तिने वाकड्या बोटांचा हात माझ्या पाठीवर ठेवला.

"नुसतं अडवून नाही धरायचं," ती म्हणाली. "पुढे ढकला. सगळ्यांनी. आत्ता!"

सहा बायकांनी मला ढकललं. रुतलेल्या दांड्यासकट तो मागे गेला, मासिकांच्या लोखंडी मांडणीवर आदळला आणि मांडणी आणि मी ह्यांच्यामध्ये सापडला. त्याचं मनगट माझ्या कडेखाली आलं. ते मोडलं, तेही मला कळलं. तो लहान मुलासारखा रडायला लागला. आयेने दात-ओठ खाऊन आणखी रेटा द्यायला खांदा लावला.

"बास," शिलाईमावशी म्हणाली. "नुसतं धरा. पोलीस येईपर्यंत धरा."

आणि मी धरलं. माझ्या एका अंगाला त्याचा श्वास होता, दुसऱ्या अंगाला तिचा. मोडलेलं हाड दोन्हीकडे होतं. रस्त्यावरची माणसं पोलिसांना घेऊन येईपर्यंत मी हललो नाही.

त्याला तुरुंगात नेलं. आजीचं हाड दोन महिन्यांनी जुळलं. शिक्केकाका वाचले, पण त्यांचा उजवा हात पुन्हा नीट उचलला गेला नाही. आता ते डाव्या हाताने शिक्का मारतात. तुमच्या पुस्तकावर तारीख तिरकी पडली असेल तर हसू नका. हातापेक्षा त्यांना दुसरंच जास्त दुखतं. दवाखान्यात मावशी भेटायला गेली, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले होते, "मीच सांगितलं गं त्याला. सगळं मीच सांगितलं."

"तुम्ही माझं कौतुक सांगितलंत, काका," मावशी म्हणाली. "ऐकणारा कोण होता, ते तुम्हाला काय ठाऊक?"

ग्रंथपालबाई मात्र स्वतःला सोडायला तयार नव्हत्या. मला उचलून भिंतीला टेकवल्यावर त्या डस्टर घेऊन माझ्यासमोर आल्या. ज्या जागी मावशीने आडनाव लिहिलं होतं, तिथलं लाकूडच दांड्याने उडालं होतं. खोल खळगा पडला होता. त्याच्या अलीकडे तिचं नाव जसंच्या तसं होतं, वाकड्या बोटांनी लिहिलेलं.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "तू थांबली होतीस. मी विचारायला हवं होतं." त्यांनी डस्टर उचललं.

"थांबा. ते मी पुसते," मावशी म्हणाली. तिने आधी नाव वाचलं, एकेक अक्षर, मोठ्याने. मग पदराने पुसलं.

सुतार मला फेकून नवा फळा करतो म्हणाला होता. मावशीने ऐकलं नाही. म्हणून त्याने माझ्या चिरेवर ही पट्टी ठोकली. आतल्या खोलीला दारही बसवलं, चांगलं जाड, आतून कडी असलेलं. दर पहिल्या तारखेला अजूनही मला उतरवतात, फक्त आता कार्यक्रम शिलाईमावशी लिहिते. नव्या पुस्तकांची नावंही तीच लिहिते, पण त्यांच्याखाली कुणाचं नाव नसतं. ज्याने त्याने आपलं नाव चिठ्ठीवर लिहून बाईंच्या कुलूपबंद खणात टाकायचं, असा नवा नियम आहे. ते बेतण्याचं पुस्तक वाचनालयात आहे. त्याच्या एका कोपऱ्यावर तपकिरी डाग आहे. तो मुद्दाम ठेवला आहे.

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसा, खिळे मारू नका, माझ्या खळग्यांत शाई भरू नका, एवढं तर मी मागतोच. पण म्हाताऱ्याचं आणखी एक ऐका. आपल्या माणसाचा तुम्हाला अभिमान वाटेल, त्याचं नाव कुठेतरी ठळक लिहावंसं वाटेल. लिहिण्याआधी त्याला विचारा. तो थांबला, तर तुम्हीही थांबा. वाचणारा चांगला की वाईट, हे मला ओळखता येत नाही. मी सगळ्यांना सारखाच दिसतो.