गिअरवरचा हात

"नाचता येईना अंगण वाकडं," नवरा म्हणाला, आणि तेही बाबांच्या तोंडावर. मला असा संताप आला की हातातला पाना मी टेबलावर आपटला.

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर त्यांनी लोकांना गाडी शिकवली. मलाही शिकवली, मी त्यांची सून व्हायच्या कितीतरी आधी. निवृत्त झाल्यावर दोन सीटची, हाताने गिअर टाकायची स्पोर्ट्स गाडी घेतली. सासूबाई तिला सवत म्हणायच्या आणि त्याच सवतीत बसून ऐटीत फिरायच्या. त्या गेल्यापासून बाबांना ती गाडी तेवढी उरली होती.

तक्रार अशी, की गाडी चालता चालता मधेच समोरच्या पडद्यावरचा गिअरचा आकडा गायब होतो, न्यूट्रलची खूण येते आणि गाडी आचका देते. नवऱ्याने चालवली, काही नाही. मी चालवली, काही नाही. ऑइल बघितलं, वायरी तपासल्या, सगळं ठणठणीत.

"गाडीला काही झालेलं नाही. बाबांनाच भास होतायत," नवरा म्हणाला. "या आठवड्यात तुला दोष सापडला तर ठीक. नाहीतर किल्ली माझ्या कपाटात."

तो ऑफिसला गेल्यावर बाबा माझ्या गॅरेजमध्ये येऊन स्टुलावर बसले. "मेकॅनिकबाई, तुलाही वाटतं का, माझं डोकं फिरलंय म्हणून?"

"डोकं फिरलेल्या माणसाचं काम मी फुकट केलं नसतं," मी म्हटलं. त्यांना जरा हसू आलं.

गाडी रॅम्पवर चढवली. गिअरबॉक्सच्या कुशीत अंगठ्याएवढा एक स्विच असतो. गिअर न्यूट्रलला आला की आतली पिन दाबली जाते आणि गाडीला ते कळतं. त्या स्विचला मी एक छोटा बल्ब जोडला. न्यूट्रलला बल्ब लागायला हवा, गिअर टाकला की विझायला हवा. सगळे गिअर टाकून पाहिले. बल्ब आज्ञाधारक पोरासारखा लागत होता, विझत होता. बाबांचा चेहरा पडला.

"असे बसू नका. तुम्ही रोज चालवता तशी चालवून दाखवा," मी म्हटलं. बल्बच्या वायरी लांबवून आत आणल्या, बल्ब काचेखाली चिकटवला आणि शेजारी बसले.

मागच्या मोकळ्या रस्त्यावर बाबांनी तिसरा गिअर टाकला आणि बल्ब फडफडला. आकडा गेला, गाडीने आचका दिला.

"सापडला!" मी ओरडलेच. "बाबा, स्विचच!"

"हातच्या काकणाला आरसा कशाला! लाव फोन तुझ्या नवऱ्याला!"

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. त्यांचा हात गिअरच्या दांड्यावरच होता. "अहो बाबा! गिअरवर हात ठेवला म्हणून मला किती बोलणी बसलीत तुमची! लोका सांगे ब्रह्मज्ञान! काढा आधी तो हात."

त्यांनी हात काढला. बल्ब विझला. परत ठेवला, फडफडला. मग मी माझा हात ठेवला, चांगला दाबून ठेवला. काही नाही. हे काय गौडबंगाल आहे, म्हणून मी त्यांचा हात पुन्हा दांड्यावर ठेवला आणि वर माझा ठेवला.

त्यांचा हात थरथरत होता. बारीक, सतत.

बाबांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ही गेल्यानंतर सुरू झालं. आधी एकच बोट होतं. काहीतरी धरून ठेवलं की दिसत नाही. चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरतो, बघितलं नाहीस?"

नव्हतं बघितलं. एका घरात राहून, रोज समोर बसून चहा पिऊन नव्हतं बघितलं. मला माझीच लाज वाटली.

परत येऊन मी जुना स्विच काढला. आतली स्प्रिंग सैल झाली होती, जराशा थरथरीनेही पिन सरकत होती. नवा बसवला. बाबांनी पुन्हा गिअरवर हात ठेवला, आम्ही लांबवर जाऊन आलो. हात थरथरत होता, पण बल्ब विझलेलाच राहिला.

"झालं. आता गाडी चहाडी करणार नाही," बाबा म्हणाले.

"स्विच खराब होता हे खरंच आहे, बाबा. मी तेवढंच सांगेन," मी म्हटलं. आणि मी तेवढंच सांगणार होते. त्यांच्या तोंडाकडे बघून मला दुसरं काही सांगवलं नसतं.



संध्याकाळी नवरा गॅरेजमध्ये आला. मी जुना स्विच त्याच्या तळहातावर ठेवला आणि दोष समजावला. तो ओशाळला. "चुकलं माझं, बाबा. उगाच तुमच्यावर खापर फोडलं." टेबलावरची किल्ली उचलून त्याने बाबांच्या हातात दिली.

बाबांनी ती नेमक्या त्याच हातात घेतली. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळायला लागला, थांबेचना. हात खिशात घालणं सोपं होतं, पण त्यांनी तो तसाच समोर धरला. नवरा त्या हाताकडे बघत राहिला.

"स्विच खराब होता," बाबा म्हणाले. "हातही झालाय. उद्या डॉक्टरकडे ने मला."

बाबांनी किल्ली माझ्याकडे दिली, गाडीला वळसा घातला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. जन्मभर ते त्याच बाजूला बसत आले होते. पट्टा लावायला त्यांना वेळ लागला. मी मदत केली नाही, चालली नसती.

"बस, मेकॅनिकबाई. आधी आरसा नीट कर."

मी केला. डोळे भरले होते, त्यामुळे तो वाकडाच झाला. त्यांनी मला परत करायला लावला.

"आणि गिअरवर हात ठेवायचा नाही," बाबा म्हणाले.