भीतीचा रकाना

तीन नंबरच्या खोलीत बोलायचं नाही, हा आईचा नियम. ही खोली पक्ष्यांच्या पिल्लांची. आत जाताना डोक्यावरून राखाडी चादर घ्यायची, चेहरा झाकायचा, आणि आईने जुन्या मोज्यातून शिवलेलं घुबडाचं तोंड हातात घालून त्यातून भरवायचं. आपल्याला घुबडच भरवतंय, असं पिल्लाला वाटलं पाहिजे. आमच्या दवाखान्यात जखमी रानटी प्राणी येतात आणि बरे झाले की परत सोडले जातात. माणसाळलेला प्राणी सोडता येत नाही. मागच्या पिंजऱ्यात नऊ वर्षांपासून एक घार आहे, कोणीतरी घरात पाळलेली. माणूस दिसला की ती पिल्लासारखी तोंड उघडून ओरडते. नव्या माणसाला आई पहिल्या दिवशी ती घार दाखवते. वेगळं काही सांगावं लागत नाही.

म्हणून प्रत्येक तक्त्यावर तीन रकाने असतात: वजन, खाणं, भीती. भीतीला शून्य ते पाच गुण. माणूस दिसताच घुबड फिसकारलं, चोच कटकटवली, की पाच. तक्ते मी भरते. दादा मला मोजपट्टी म्हणतो.

दादाने लग्न केलं ते जनावरांच्या डॉक्टरशी. आठ महिन्यांपूर्वी वहिनी घरात आली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात. आई तिला कौतुकाने 'डॉक्टर' म्हणते. मी प्राणिशास्त्रात पहिली आले तरी मला आईची हाक 'अगं ए' अशीच असते.

गव्हाणी घुबडाचं ते पिल्लू पाडकाम चाललेल्या एका गोदामातून आलं. वय साधारण चार आठवडे, डावा पंख मोडलेला. वहिनीने हाडात बारीक सळई घातली. मी शेजारी उभी राहून श्वास मोजत होते. पंचेचाळीस मिनिटांत आई मला तीनदा म्हणाली, "हात बघ तिचा." मी हात बघितला. हात खरंच चांगला होता, आणि तेच सहन होत नव्हतं.

पिल्लाला भरवायचं काम मात्र माझं. दिवसातून चार वेळा. वहिनीने भरवलं तर ते निम्मं टाकायचं. माझ्याकडून सगळं खायचं. मी हे तक्त्यात लिहिलं आणि शक्य तितक्या लोकांना दाखवलं.

सामानाच्या खोलीच्या दाराला आतून पेन्सिलीच्या खुणा आहेत. प्राणी सोडताना पेटी कोणी उघडली, त्याची खूण. आईचा ठिपका, माझी आडवी रेघ, वहिनीची फुली. फुली कशाला, विचारलं तर म्हणाली, "टाका आहे तो." माझ्या सहा वर्षांत त्रेसष्ट रेघा. तिच्या आठ महिन्यांत एकोणीस फुल्या. याच वेगाने ती मला केव्हा मागे टाकेल, ते मी काढून ठेवलं होतं.

एकदा चहाला आई म्हणाली, "घुबडाची पेटी डॉक्टर उघडेल."

"भरवतेय मी," मी म्हटलं.

"भरवणं कोणालाही जमतं गं."

"वहिनींना कुठे जमतंय?"

वहिनी हसली. "खरंय. माझ्या हातचं तुझ्या दादालाही आवडत नाही."

ती हसली नसती तर बरं झालं असतं. मला भांडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबरच्या खोलीत मी चादर काढली. विचार करून काढली, हे सांगायला हवं. चार आठवड्यांच्या पिल्लाला आपण घुबड आहोत हे पुरेसं कळलेलं असतं. आता ते फार तर माणसाला सरावेल, असं मी स्वतःला बजावलं. त्याचा गोल पांढरा चेहरा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकला. मग त्याने माझ्या बोटांतून उंदीर घेतला.

मी बोलायलाही लागले. आधी एखाददुसरा शब्द, मग सगळंच. वहिनी कात्र्या जागेवर ठेवत नाही. वहिनी आईला 'अहो आई' म्हणते तेव्हा आईचा चेहरा कसा होतो. माझ्या वाढदिवसाला आईने केक आणला, त्यावर पहिली सुरी वहिनीने चालवली, कारण तिचा हात स्थिर. घुबड ऐकून घ्यायचं. असं लक्ष देऊन माझं कोणी ऐकलं नव्हतं.

अठरा दिवस मी भीतीच्या रकान्यात पाच लिहिलं. आयुष्यात मी एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. पहिला लिहिताना हात अडखळला. नंतरचे सतरा सोपे गेले.

सळई निघाली, पंख भरला, आणि उडण्याची चाचणी ठरली. अंगणात जाळीची लांब खोली आहे, वीस मीटरची. आई आणि वहिनी टोकाच्या पडद्याआड उभ्या राहिल्या. घुबडाला फांदीवरून उठवायला मी चादर घेऊन आत गेले. पण चालण्यावरून असेल, नाहीतर मी घसा साफ केला त्यावरून, त्याने मला ओळखलं. ते अख्खी खोली ओलांडून आलं, पंखांचा जराही आवाज न करता. पंख इतका सुंदर जुळला होता की पडद्याआडून वहिनीचा "वा" ऐकू आला.

घुबड माझ्या खांद्यावर बसलं आणि केस ओढू लागलं.

वहिनी पडदा सारून पुढे आली तशी ते तिच्यावर फिसकारलं. ते माझं होतं, तिचं नव्हतं, आणि क्षणभर मला इतकं बरं वाटलं की सांगायची लाज वाटते.

आईने खिळ्यावरचा तक्ता काढला. रकान्यावरून बोट खाली नेलं. पाच, पाच, पाच.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"अठरा."

आई तक्ता हातात घेऊन मागच्या पिंजऱ्याकडे निघून गेली. घार ओरडायला लागली.

"बोलायचीस का त्याच्याशी?" वहिनीने विचारलं.

"हो."

"काय?"

"तुमच्याबद्दल."

"चांगलं?"

"नाही."

"मग शिकलंय बरोबर," ती फिसकारणाऱ्या घुबडाकडे बघत म्हणाली. तिचा आवाज मात्र हसरा नव्हता. "आपल्याकडे महिनाभराचा वेळ आहे. त्यानंतर त्याला शिकार सहज मिळायचा हंगाम निघून जाईल. तोवर हे तुला घाबरलं नाही, तर घारीशेजारी पिंजरा करावा लागेल."

उपाय तिनेच आखला. भरवायचं दुसऱ्यांनी, चादरीआडून. मी उघड्या चेहऱ्याने आत जायचं, आणि ते जवळ आलं की स्टीलचं ताट बडवायचं, पाण्याची पिचकारी मारायची. "हे तुलाच करावं लागेल," ती म्हणाली. "माझ्यावर ते आधीच फिसकारतं."

पहिल्या दिवशी मी ताट बडवलं तेव्हा ते भिंतीला धडकलं, खाली पडलं, आणि उठून पुन्हा माझ्याकडेच आलं. मी पिचकारी मारली. भिजलेला चेहरा डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. भीती: शून्य. तो आकडा खरा होता. माझ्या आकड्यांवर आता कोणाचा विश्वास नव्हता, म्हणून प्रत्येकाखाली वहिनी सही करायची. ती जाळीबाहेर उभी राहून बघायची. कधी म्हणायची, "आजचं पुरे." मी म्हणायचे, "अजून एकदा."

सातव्या दिवशी एक. बाराव्या दिवशी पुन्हा शून्य; त्या दिवशी मी जेवले नाही. विसाव्या दिवशी दार उघडताच ते मागच्या फांदीवर गेलं. चोविसाव्या दिवशी त्याने मान खाली घालून अंग फुगवलं आणि माझ्याकडे बघून चोच कटकटवली. मी पाच लिहिलं आणि पेन्सिल वहिनीकडे दिली. अक्षर माझं वेडंवाकडं आलं होतं. ती सही करून गेली.

सोडायला आम्ही एका पडीक माळावर गेलो, ऊन उतरल्यावर. पेटी वहिनी उघडणार होती. मला आईने चाळीस पावलं पुढे उभं केलं, चादरीशिवाय, हात मोकळे सोडून. ते माझ्याकडे आलं तर उचलून परत न्यायचं आणि मग कायमचं ठेवायचं, असं ठरलं होतं.

झाकण उघडलं. घुबड काठावर बसलं, मला त्याने पाहिलं, आणि सरळ माझ्या दिशेने आलं. मी ताट आणलं नव्हतं. ये, असं माझ्या मनात आलं, आणि त्याच वेळी येऊ नको असंही आलं. कोणतं आधी, ते मला मोजता आलं नाही. दहा पावलांवर त्याने पंख वाकडा केला, वळलं, आणि झाडांच्या रांगेकडे नाहीसं झालं.

"पाच," आई मागून म्हणाली.

परत आल्यावर दारावर विसावी फुली मीच काढली. वहिनी सामान ठेवत होती. कात्री जागेवर ठेवली तिने.

"वहिनी, पेटीतून निघताना त्याने तुमच्याकडे बघितलं का?"

तिने थोडा विचार केला. "नाही."

मला बरं वाटलं.