अक्सेंगिरच्या पोटातलं पाणी

मित्रांनो, माझं नाव अक्सेंगिर. कझाकस्तानातल्या मंगिस्तौच्या वाळवंटात उभा असलेला मी एक पांढरा डोंगर आहे. आज माझ्या अंगावर सावलीपुरतंही झाड नाही, पण माझा जन्म समुद्राच्या तळाशी झाला. डोळ्यांनाही न दिसणाऱ्या जिवांची कवचं तिथे थरावर थर साचली आणि त्यांचा खडू झाला. खाली निळसर चिकणमाती होतीच. पुढे समुद्र हटला, जमीन वर उचलली गेली, वाऱ्यापावसाने आजूबाजूचं सगळं कोरून नेलं. मी उरलो.

इथे पाऊस क्वचित पडतो. पडला की तो माझ्या माथ्यावर मुरतो, खडूच्या भेगांतून उतरतो आणि चिकणमातीशी अडतो. मग आडवी वाट काढत पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतो. त्या झऱ्यावर पायथ्याच्या वस्तीचे उंट पिढ्यान् पिढ्या जगले. मला त्याचा फार अभिमान होता.

एका वसंतात माझा दक्षिणेचा कडा ढासळला आणि झरा गाडला गेला. लोकांनी दगड उपसले, खाली नुसती ओल लागली. शहरातून टँकर येऊ लागला. तो माणसांना पुरे, उंटांना पुरेना. सक्ताप नावाचा उंटवाला म्हणाला, "उंट विकू आणि शहरात जाऊ. या डोंगरात आता काही राहिलं नाही."

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर! पाणी माझ्या पोटात तुंबलं होतं आणि पश्चिमेकडे सरकत होतं.

ऐन उन्हाळ्यात सक्तापची बायको नुरिला चुकलेली सांडणी शोधत पश्चिमेला आली. तिथे ती थबकली, बराच वेळ बघत राहिली आणि धावतच घरी गेली.

"आई," ती सासूला, म्हाताऱ्या उल्बोसिनला म्हणाली, "पलीकडे पांढरा दगड संपून निळी माती लागते ना, तेवढ्याच पट्ट्यात झुडपं हिरवी आहेत. बाकी सगळं करपलंय."

"मग झुडपं पिळून उंटांना पाजायची का?"

"आपला झराही तसल्याच सांध्यात होता. पाणी आटलं नसेल, त्यानं वाट बदलली असेल."

म्हातारी उठून बाहेर आली. मग मुलाला म्हणाली, "सक्ताप, कुदळ घे. उंट काय, उद्याही विकता येतील."

त्या हिरव्या पट्ट्यात खणता खणता खड्ड्याची एक बाजू खचली. सक्ताप कसाबसा बाहेर आला. "पुरे आता, नुरिला. जीव जाईल कुणाचा तरी."

"जपून खणू," ती म्हणाली. तिनं खचलेल्या बाजूला फळ्या लावून घेतल्या आणि स्वतः आत उतरली. सांध्यावर तळहात ठेवून तिनं गारवा शोधला आणि तिथेच पहार घातली. माझी एक भेग मोकळी झाली. आधी दुधासारखं गढूळ पाणी आलं, मग नितळ. त्याचा जोर वाढतच गेला.

वाऱ्यावर वास लागताच दूर बसलेले उंट उठले आणि माना ताणून पळत आले. उल्बोसिन पहिली ओंजळ प्यायली.

"खारट आहे का गं, आई?" सक्तापनं विचारलं.

"तुझ्या शहराहून गोड आहे. जा, आता बायकोला वर काढ. तिचे पाय गारठले असतील."

सगळी वस्ती गोळा झाली. कढईत कणकेचे फुगीर बौरसाक तळले गेले, उंटिणीचं आंबट दूध फिरलं, कुणीतरी दोंब्राच्या तारा छेडल्या. लोकांनी त्या झऱ्याला नुरिलाबुलाक, म्हणजे नुरिलाचा झरा, असं नाव दिलं. इतक्या वर्षांत माझ्या अंगावर समुद्र आला आणि गेला, पण त्या संध्याकाळइतका उंच मी कधीच नव्हतो.

मित्रांनो, आता माझ्या माथ्यावर कुणी पूर्वीसारख्या गाड्या फिरवत नाही. माती दाबली गेली की पाऊस मुरत नाही, हे वस्तीला कळलं आहे. तुमच्या गावाजवळही एखादा बोडका डोंगर असेल. तो निकामी आहे असं ठरवून त्याला सुरुंग लावण्याआधी, त्याच्या पायथ्याशी कोण कोण पाणी पितं, ते एकदा बघून या.